पाटोवरच्या ग्रंथालयात महिनाभर, रोज एक पान

पणजीच्या कदंब स्थानकावरून पाटोच्या बाजूला चालत निघालं की काही मिनिटांत संस्कृती भवन लागतं. कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तिथेच आहे. १८३२ साली पोर्तुगीज अमलात सुरू झालेलं हे ग्रंथालय भारतातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत गणलं जातं. मला मात्र सांगायचंय ते तिथल्या टेबल-खुर्चीबद्दल, कारण गेला नोव्हेंबर मी तिथे बसून लिहिलं.

मी फोंड्याला राहते, पणजीत एका ऑफिसात हिशेब बघते. आई माझ्याकडेच असते. ती कुर्डीची. सांगे तालुक्यातलं ते गाव साळावली धरणात गेलं आणि तिच्या माहेरची माणसं वाडे वसाहतीत आली. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, हे ती अजून अभिमानाने सांगते. तिच्या आठवणी लिहून काढायच्या हे दहा वर्षं मनात होतं आणि दहा वर्षं ते मनातच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी मी एका महिन्यात ५०,००० शब्द लिहायचं आव्हान (नॅनोरायमो) घेतलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ख्रिस बेटी यांनी १९९९ मध्ये २१ जणांना घेऊन सुरू केलेला हा उपक्रम. पुढच्या वर्षापासून त्याचा महिना नोव्हेंबर ठरला. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, तरी महिना लोकांच्या डोक्यात राहिलाय. दिवसाला १,६६७ शब्द पडतात. त्यासाठी मी ऑनलाइन एक महागडी डायरीही मागवली होती. रोजच्या शब्दसंख्येचा रकाना, मनःस्थितीचा रकाना, उद्याच्या संकल्पाचा रकाना; लिहायला जागा मात्र हाताच्या तळव्याएवढी. पाचव्या दिवशी ती मिटली.

या खेपेला फोंड्याच्या बाजारातून साधं लाँगबुक घेतलं आणि नियम एकच केला: ऑफिस सुटल्यावर ग्रंथालयात एक पान, मग फोंड्याची बस. माझ्या अक्षरात पान म्हणजे सव्वादोनशे शब्द. शनिवार-रविवारी पान घरी.

जागेने काय केलं ते सांगते. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांची मुलं मान खाली घालून बसलेली असतात. तिथे फोन बाहेर काढायलाच संकोच वाटतो. वहीपेन घेऊन बसलेल्या बाईला कुणी हटकलं नाही. पहिल्या आठवड्यात पान भरायला पाऊण तास लागायचा, तिसऱ्यात पंचवीस मिनिटं. तेव्हा खुर्ची ओढून बसले की आधीच्या दिवसाचं वाक्य आपोआप पुढे सरकू लागलं. घरी हे मला कधीच जमलं नव्हतं, कारण घरात बसलेल्या बाईला कुकरची शिट्टीसुद्धा हाक मारते.

अडलं ते भाषेपाशी. आई बोलते कोंकणी, मी लिहिते मराठी. कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, मराठीत सहज चाललं. पण मांगर, म्हणजे शेतातली खोपटी? चुडतं, म्हणजे नारळाच्या झावळ्या, विणणं? अशा वेळी उठून मराठी आणि कोंकणी पुस्तकांपाशी जायचं, दोन-तीन पानं चाळायची. गोव्यातल्या जुन्या लेखकांनी हे शब्द तसेच्या तसे मराठीत बसवलेले सापडले आणि धीर आला. मीही मांगर मांगरच ठेवला. ही सोय घरच्या टेबलावर मिळाली नसती, म्हणून ग्रंथालयाला माझे पाचपैकी पाच.

तीस दिवसांत सव्वीस पानं झाली. तुळशीच्या लग्नाचा एक दिवस गेला, आईच्या तापात दोन, आणि एका शुक्रवारी नुसती दमले होते. चुकलेलं पान दुसऱ्या दिवशी भरून काढायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. माझ्या मते संकल्प टिकला तो त्यामुळे. दोन पानांचं कर्ज डोक्यावर असतं तर तिसऱ्या दिवशी मी सरळ बसच पकडली असती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे महिना अपुराच. मी डिसेंबरातही जात राहिले, अजूनही जाते.

नोकरी करणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सुचवीन: बसच्या वाटेवरची एखादी शांत खुर्ची शोधा, एकच पान धरा.

रविवारी मी आईला पानं वाचून दाखवते. अकराव्या पानावर ती थांबली. "तें तशें न्हय गो," म्हणाली. कुर्डीच्या सोमेश्वराच्या देवळाजवळची बाव, म्हणजे विहीर, मी चुकीच्या बाजूला लिहिली आहे म्हणे. मे महिन्यात पाणी उतरलं की दोघी जाऊन बघणार आहोत. तोवर ते पान मी खोडलेलं नाही, समासात फक्त पेन्सिलीने एक बाण काढून ठेवलाय.