घडीचं टेबल, ओटा की वेगळी खोली? हॉटेल-कार्यालयात डायपर बदलायची सोय

तुमच्या हॉटेलात बेबी चेअर आहे का? असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. बाळाला वरून भरवायची सोय तुम्ही केलीत. अर्ध्या तासाने खालून जे व्हायचं त्याची केली नाहीत. पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट', मेन्यूत कमी तिखट पावभाजी, कोपऱ्यात घसरगुंडी, आणि डायपर बदलायला जागा विचारली की वेटर काउंटरकडे बघतो आणि काउंटरवाला छताकडे.

मी पुण्यात हॉटेलं आणि मंगल कार्यालयं यांची आतली कामं करतो. टाइल्स, प्लंबिंग, पार्टिशन. नूतनीकरणाचं बोलणं टॉयलेटपर्यंत आलं की हल्ली मालक हळूच विचारतात, 'ते बाळांचं काही करायला हवं का हो?' दीड-दोन तास बसणाऱ्या कुटुंबांना तुम्ही बोलावत असाल, तर करायला हवं. अमृततुल्य, उभ्याने मिसळ खायची जागा, सहा टेबलांची खाणावळ यांनी या फंदात पडू नये. तिथे वाहतं पाणी आणि साबण मिळाला तरी खूप झालं.

काहीच न करणं हाही एक पर्याय आहे, पण तो फुकट पडत नाही. बाळ थांबत नसतं. आई दोन खुर्च्या जोडते, सोफ्यावर दुपटं पसरते किंवा शेजारचं रिकामं टेबल धरते. त्याच टेबलावर थोड्या वेळाने दुसऱ्या कुणाची थाळी येते. रोटाव्हायरससारखे जुलाबाचे आजार शीवाटे हाताला आणि हातातून तोंडात जातात, हे हॉटेलवाल्याला वेगळं सांगायला नको. काही मॅनेजर 'गाडीत जाऊन बदला' म्हणतात. पुण्यात बाळ घेऊन दुचाकीवर आलेल्या जोडप्याने कुठल्या गाडीत जायचं?

आता करायचंच ठरलं तर तीन वाटा आहेत. पहिल्या दोन नीट तपासू, कारण बहुतेकांना निवड त्यांच्यातच करायची असते.

भिंतीवरचं घडीचं टेबल

विमानतळावर, मॉलमध्ये दिसतं ते. भिंतीला लावलेली प्लास्टिकची पेटी, दांडी ओढली की खाली येते, आत खोलगट जागा आणि पट्टा. बंद असताना भिंतीपासून चारेक इंच पुढे. आडवं मॉडेल साधारण तीन फूट रुंद असतं आणि उघडल्यावर पावणेदोन-दोन फूट पुढे येतं. उभं मॉडेल भिंतीवर कमी जागा खातं, पण उघडल्यावर जवळजवळ तीन फूट पुढे येतं. समोर माणूस उभा राहील एवढी जागा वेगळी. मालक बंद पेटीचं माप घेऊन मोकळे होतात आणि टेबल उघडल्यावर टॉयलेटचं दार अडतं. माप उघड्या टेबलाचं घ्या.

याचा मोठा गुण म्हणजे ते मिटतं. मिटलेल्या टेबलावर कुणी बादली ठेवत नाही, फडकी वाळत घालत नाही. काम एका दिवसात होतं, तोडफोड नाही, भाड्याची जागा सोडताना काढूनही नेता येतं. भाडेकराराने चालणाऱ्या हॉटेलाला हे मोलाचं आहे.

पण भिंत बघा. विटांची असेल तर चिंता नाही. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक असतात, त्यात साधा प्लग धरत नाही; त्या ब्लॉकसाठी मिळणारे वेगळे फास्टनर वापरा, किंवा आरपार बोल्ट आणि मागे पत्री प्लेट. टॉयलेटच्या बोर्डाच्या पार्टिशनवर हे टेबल लावायचा विचारही नको. बाळाचं वजन दहा किलो धराल, पण आई बोलता बोलता त्याच टेबलावर कोपर टेकून उभी राहते, आणि पर्सही तिथेच ठेवते. व्यावसायिक वापराच्या अशा टेबलांसाठी अमेरिकेत एएसटीएम एफ २२८५ नावाचं मानक आहे. विक्रेत्याला त्याबद्दल विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर पुढच्या दुकानात जा.

माझा खरा आक्षेप मात्र दुसराच आहे. हे टेबल वाइप्सने पुसणाऱ्या लोकांसाठी बनलंय. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत बाळाला शी झाली की पाण्याने धुतात. सोबत आजी असेल तर विषयच संपला. ती घडीचं टेबल उघडेल, बाळाचं डायपर सोडेल, आणि मग ओल्या-माखलेल्या बाळाला दोन हातांत धरून बेसिन कुठे आहे ते शोधत निघेल. टेबल एका भिंतीला, नळ दुसऱ्या, मधे चिखल.

बेसिनशेजारचा ओटा

म्हणजे स्वयंपाकघरातल्यासारखाच, छोटा. कडप्पा स्वस्त पडतो, ग्रॅनाइट पुसायला बरा. उंची बत्तीस ते चौतीस इंच, खोली दोन फूट, लांबी किमान तीन फूट. भिंतीच्या बाजूने आणि दोन्ही टोकांना तीन-चार इंचांची उभी पट्टी, कडा घासून गोल केलेल्या. वर फोमची गादी, रेक्झीनची, पुसून घेता येईल अशी. दगड थंड असतो आणि पुण्यात डिसेंबरच्या रात्री उघड्या पाठीचं बाळ कडप्प्यावर ठेवलं तर सगळ्या हॉलला कळतं. ओट्याला लागून खोलगट बेसिन, त्यावर लांब मानेचा नळ. पॅन्ट्रीत गीझर आहेच, तर त्याची लाइन इथपर्यंत आणा. एवढं केलंत की धुणाऱ्यांची सोय झाली आणि वाइप्सवाल्यांचीही. शिवाय हात धुवायला दोन पावलंही चालावं लागत नाही, आणि संसर्गाच्या दृष्टीने अर्धी लढाई तिथेच आहे. सॅनिटायझरची बाटली टांगून भागत नाही. शीच्या हाताला साबण आणि पाणीच हवं.

ओट्याला बिजागरी नाही, पट्टा नाही, तुटायला काही नाही. तोटा एकच, पण मोठा: सपाट जागा दिसली की आपली माणसं त्यावर काहीतरी ठेवतात. आठवडाभरात तिथे फिनेलचा कॅन, सॉसचे डबे, कुणाचं तरी हेल्मेट. त्यावर उपाय पुण्याला शिकवायला नको, पाटी लावा. मी एका ठिकाणी लिहून दिलेली अशी होती: 'हा ओटा बाळांसाठी आहे. सामान ठेवल्यास उचलून टाकले जाईल. बाळ ठेवल्यास एक हात त्याच्यावर ठेवावा. फोन नंतरही उचलता येतो.' दुसरं वाक्य नोकरांसाठी, तिसरं आईवडिलांसाठी. पडण्याची भीती ओट्यावर असते आणि घडीच्या टेबलावरही. पट्टा आहे म्हणून पाठ फिरवणारे पालक बघितलेत. तेव्हा 'बाळ पडलं तर जबाबदारी कुणाची' म्हणून काहीच न करणाऱ्या मालकांना मी विचारतो, दोन जोडलेल्या खुर्च्यांवरून पडलं तर कुणाची?

स्वतःची जागा असेल, किंवा टॉयलेटचं काम नव्याने होणारच असेल, तर मी डोळे झाकून ओटा सुचवतो. भाड्याची जागा, दोन-तीन वर्षांचा करार, भिंत पक्की आणि बेसिन हाताच्या अंतरावर, एवढं सगळं जुळलं तरच घडीचं टेबल.

वेगळी खोली

एसटी स्टँडवरचे हिरकणी कक्ष आपल्याला माहीत आहेत. नाव रायगडाचा कडा रात्री उतरून बाळाकडे गेलेल्या हिरकणीचं, आणि काही ठिकाणी आत जायला तेवढंच धाडस लागतं, कारण कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे कळायलाच बस सुटते. हॉटेलाला वेगळी खोली परवडत नाही आणि गरजही नाही. मंगल कार्यालयाला मात्र हवीच. बारसं, उष्टावण, बोरन्हाण हे समारंभच मुळी बाळांचे. लग्नात तर दोन्हीकडची मिळून बाळांची एक पंगत होईल. आणि वधूपक्षाच्या खोलीत शालू-दागिने-बॅगा, म्हणून ती कुलूपबंद, किल्ली मामांच्या खिशात, मामा जेवायला बसलेले. लांबच्या नात्यातल्या, तान्हं घेऊन आलेल्या सुनेने तिथे मागायला तरी कसं जावं?

खोली करत असाल तर स्तनपानाची जागा आणि बदलायचा ओटा यांच्यात पार्टिशन घाला. एकाच खोलीत दोन्ही केलंत की पुरुषांना प्रवेश बंद होतो आणि बाप पुन्हा बाहेर. शक्य असेल तर ओट्याबरोबर एक दिवाणही ठेवा. मोठ्या वयाची पण डायपर लागणारी मुलं, दिव्यांग माणसं, यांना छोट्या टेबलाचा उपयोग नसतो. घरचे त्यांना टॉयलेटच्या फरशीवर झोपवून बदलतात. इंग्लंडमध्ये काही ठरावीक नव्या मोठ्या इमारतींत अशा माणसांसाठी मोठी खोली करायचा नियम २०२१ पासून आहे. आपल्या कार्यालयात एक धुवायजोगा दिवाण म्हणजे काही फार नाही.

बाकी सार्वजनिक इमारतींचा रोख कुठे आहे तेही लक्षात घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या स्तनपान आणि बालसंगोपन कक्षांबाबत राज्यांना पावलं उचलायला सांगितलं, आणि नियोजनात असलेल्या इमारतींत त्यासाठी जागा राखायचा मुद्दाही त्यात होता. नवं कार्यालय बांधत असाल तर नकाशातच आठ बाय आठची जागा धरा. नंतर शोधायला गेलं की ती जिन्याखाली मिळते.

लेडीज टॉयलेटच्या आत की बाहेर?

टेबल कुठलंही घ्या, ते लेडीजच्या आत लावलंत तर अर्ध्या पालकांसाठी नाहीच. एकट्या बापाबरोबर मुलगी आली तर? हल्ली येते, शनिवारी दुपारी हमखास. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने जनतेसाठी खुल्या केंद्र सरकारी इमारतींत पुरुषांच्या स्वच्छतागृहातही अशी सोय बंधनकारक केली. पण दोन्हीकडे दोन टेबलं लावायला आपल्या हॉटेलात जागा कुठे? त्यापेक्षा पुण्यातल्या जुन्या हॉटेलांची रचनाच कामाला येते: हात धुवायचं बेसिन बाहेर, त्याला लागून दोन दारं. ओटा त्या सामाईक पॅसेजमध्ये बसवा. जेवणाऱ्यांच्या नजरेआड जाईल एवढं साडेपाच फुटी पार्टिशन घाला, वर एक्झॉस्ट फॅन. अडचण एकच, वास. त्याचा संबंध टेबलाशी कमी आणि डब्याशी जास्त.

आणि डब्याकडे कुणाचं लक्ष नसतं. डायपर कमोडमध्ये गेलं की त्यातली शोषक पावडर पाणी पिऊन फुगते आणि लाइन चोकअप होते. रविवारी रात्री प्लंबर किती घेतो ते तुम्हाला माहीत आहे. उघड्या डब्यात टाकलं तर वास. म्हणून पायाने उघडणारा झाकणाचा डबा, शेजारी जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा आणि एक लाल स्केचपेन दोरीने बांधलेलं. शी कमोडमध्ये, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. घनकचरा नियमांनुसार डायपर नीट गुंडाळूनच द्यायचं असतं, आणि पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनीच लाल ठिपक्याची मोहीम चालवलीय, कारण पुडी उघडून बघायची वेळ त्यांच्या हातांवर येते. कापडी लंगोट वापरणाऱ्यांना डबा नको, खुंटी हवी. ओली पिशवी टांगायला दोन लावा.

डबा दिवसातून एकदा रिकामा करून चालत नाही. शनिवार-रविवारी दुपारच्या गर्दीनंतर एकदा आणि रात्री आठला पुन्हा, गादी साबणाच्या पाण्याने पुसायची तीही त्याच वेळी. हे कोण करणार ते माणसाच्या नावानिशी ठरवा. जेवणाची टेबलं पुसणाऱ्या पोऱ्याला हे काम देऊ नका, तो त्याच हाताने चमचे मांडणार आहे. हाउसकीपिंगला वेगळा माणूस नसेल, तर आधी त्याची तजवीज करा आणि मग मला मापं घ्यायला बोलवा.