टर्बोच्या मॅनिफोल्डला रॅप की सिरॅमिक कोटिंग?

टर्बो बसला, ट्यूनिंगही झालं, पण बॉनेट उघडलं की तोंडावर भट्टीची धग येते. घरी केलेल्या टर्बो गाडीत शेवटी उरतो तो या उष्णतेचा बंदोबस्त: मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीला, रॅप गुंडाळायचा की सिरॅमिक कोटिंग करायचं? फुल लोडवर पेट्रोल इंजिनाचा धूर सहज 850 अंशांवर जातो. त्यात शेजारी वायरिंग आणि ब्रेक फ्लुइडची बाटली. डॉट 3 फ्लुइडने पाणी धरलं असेल तर 140 अंशांनाही उकळायला लागतं, म्हणून हे काम नुसतं दिसण्यासाठीचं नाही.

स्वस्तातला उपाय रॅप, म्हणजे उष्णता अडवणारी दोन इंची पट्टी. काचतंतूची असेल तर आधी पाण्यात भिजवायची, पाव इंच एकमेकांवर चढवत ताणून गुंडाळायची आणि एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) टायने आवळायची. रविवारच्या एका सकाळीत काम होतं. हातमोजे मात्र घाला. मी घातले नव्हते, दोन दिवस मनगटं खाजवत बसलो. बॉनेटखालची धग कमी झालेली लगेच जाणवते.

सिरॅमिकला खर्च जास्त आणि धीरही जास्त. मॅनिफोल्ड पूर्ण उतरवायचा, सँडब्लास्ट करायचा, मग कोटिंग, मग ओव्हनमध्ये भाजणं. त्यानंतर वेल्डिंग केलंत तर तेवढ्या जागचं कोटिंग गेलं. पावडर कोटिंगवाला ‘आपण पण करतो की’ म्हणाला तर हात जोडून निघा: ती पावडर साधारण 200 अंशांवर भाजतात, मॅनिफोल्डवर ती जळून जाईल. हाय-टेम्परेचर स्प्रेही निव्वळ रंग आहे, उष्णता आत धरून ठेवणं त्याचं काम नाही.

उष्णता अडवण्यात जाड रॅप पातळ कोटिंगला हार जात नाही. तरी माझं मत कोटिंगच्या बाजूने, आणि कारण माझ्याच एस्टीममध्ये सापडलं. तिचा मॅनिफोल्ड शेड्यूल 40 जाडीच्या, साध्या पोलादाच्या (एमएस) एल्बो जोडून मीच केलेला, वेल्डिंग माझंच. रॅप करून एक पावसाळा काढला. मग टिकटिक असा आवाज यायला लागला, गॅस्केट असेल म्हणून मी महिनाभर दुर्लक्ष केलं. शेवटी रॅप सोडला तर गंजाचे पापुद्रे पट्टीला चिकटून आले, आणि तिसऱ्या रनरच्या (सिलिंडरकडून येणाऱ्या नळीच्या) कलेक्टरपाशी, म्हणजे सगळ्या नळ्या एकत्र येतात तिथे, वेल्डच्या कडेने नखाएवढा तडा. रॅपमुळे धातू जास्त तापतो, आणि उभी गाडी ओली झाली तर पट्टी पाणी धरून बसते. पण गंजापेक्षा मला सलली ती दुसरी गोष्ट: तडा झाकलेला होता. कोटिंगवर तोच तडा काळ्या रेघेसारखा उठून दिसला असता.

म्हणून तुमचं वेल्डिंग अजून सिद्ध व्हायचं असेल, तर सध्या दोन्ही नकोत. एसएसच्या पत्र्याची शील्ड कापा, मॅनिफोल्डपासून बोटभर अंतर ठेवून बोल्टवर बसवा. चार बोल्ट काढले की वेल्ड डोळ्यांसमोर. हजारेक किलोमीटर तशीच चालवा, तडा गेला नाही तर उतरवून कोटिंगला द्या. टर्बाइन हाउसिंगला, म्हणजे टर्बोच्या गरम बाजूच्या कवचाला, ब्लँकेट पुरतं, त्यावर फार डोकं चालवायला नको.

रॅप मी अजूनही वापरतो, पण फक्त एसएसच्या डाउनपाइपवर, म्हणजे टर्बोतून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर. तिथे पाइप लांब असतो, गंजाची भीती कमी, आणि स्टिअरिंग रॅकचं रबरी बूट जवळ असेल तर ते वाचतं. पट्टी टर्बोच्या ऑइल लाइनपासून हातभर दूर थांबवा. ती लाइन जोडणाऱ्या बँजो बोल्टमधून थेंब थेंब तेल गळलं तर पट्टी ते वातीसारखं शोषते, आणि पुढचा चढ चढताना बॉनेटमधून जाळ दिसू शकतो. नवा रॅप पहिल्या एकदोन वेळा तापला की धुरतोच, त्याला घाबरू नका. आठवड्यानंतरही धुरत असेल तर गाडी जागीच बंद करा आणि बँजोचे वॉशर बघा.