निर्जीव गोळ्यांवर जैविक डिटेक्टरचं कॅलिब्रेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

हवेतले घातक जंतू टिपणाऱ्या यंत्राची परीक्षा खऱ्या जंतूंवर घ्यायची नसते, हे उघड आहे. मला तर 'निरुपद्रवी' जंतू वापरणंही पटत नाही. १९५० साली अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोवर सेरेशिया मार्सेसेन्स हे जंतू निरुपद्रवी समजून फवारले. तेच जंतू अशक्त रुग्णांना संसर्ग करू शकतात, हे पुढे स्पष्ट झालं. म्हणून गेले काही महिने मी फक्त फ्लुरोसंट (प्रकाश पडला की स्वतः उजळणारे) पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे सूक्ष्म गोळे वापरतोय, आणि त्यांच्यावर बेहद्द खूश आहे.

आमचं यंत्र प्रत्येक कणावर अतिनील प्रकाश टाकतं. पेशीतलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल २८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने उजळतं, त्यावरून कण जैविक असावा असा अंदाज बांधला जातो. गोळेही उजळतात, शिवाय त्यांचा आकार ठरलेला असतो. याचा खरा फायदा मध्यंतरी कळला. आलेखावर आकाराचं शिखर जागच्या जागी होतं, चमकेचं मात्र दर खेपेला थोडं खाली येत होतं. अतिनील दिवा क्षीण होत चालला होता. नुसत्या कणमोजणीवर विसंबलो असतो तर हे लक्षातच आलं नसतं.

गोळे सोडण्याआधी यंत्राच्या तोंडाशी हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारी गाळणी) लावून मोजणी शून्यावर येते का ते पाहायचंच. येत नसेल तर कुठेतरी गळती आहे. पुढचं सगळं व्यर्थ.

कटकटी आहेत. गोळे बाटलीच्या तळाशी बसतात, दर वेळी हलवून घ्यावे लागतात. द्रावण दाट झालं की नेब्युलायझरच्या (द्रावणाचा फवारा करणाऱ्या उपकरणाच्या) एका थेंबात दोन-दोन गोळे येतात आणि मोठ्या आकाराला खोटं शिखर दिसतं. बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवायची, पण गोठवायची नाही.

यंत्राला दिसतंय की नाही एवढंच गोळे सांगतात. ओळखता येतंय की नाही, ते नाही. डिझेलचा धूर आणि कागदाची धूळही उजळते, त्यामुळे खोटे अलार्म तपासायला यंत्र साध्या हवेत आठवडेच्या आठवडे चालवावं लागतं. फिल्टरवर नमुना घेऊन डीएनए तपासणाऱ्या यंत्रणेला तर हे गोळे निरुपयोगी. तिथे अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या डीएनएट्रॅक्ससारखे, डीएनएची खूण घातलेले साखरेचे कण लागतात.

विकत घेताना गोळ्यांचं रंगद्रव्य आपल्या यंत्राच्या तरंगलांबीला उजळतं का, ते आधी विचारा. निळ्या प्रकाशासाठी बनवलेले गोळे अतिनील दिव्यासमोर चालतीलच असं नाही.