गोठवलेला काप की लेझरची नजर?

मोस शस्त्रक्रियेत त्वचेच्या कर्करोगाची गाठ थराथराने काढतात आणि कडेला काही उरलंय का, ते त्याच बैठकीत तपासतात. जुनी रीत गोठवण्याची. क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे गोठवून काप घेणाऱ्या यंत्रात, शून्याखाली वीसेक अंशांवर तुकडा कडक करायचा, काही मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) काप घ्यायचे, रंगवायचे. काप सुरकुतला की पुन्हा नव्याने. तोवर रुग्ण पट्टी बांधून बाहेर ताटकळत.

कॉन्फोकल लेझर सूक्ष्मदर्शकाला काप लागतच नाही. अख्खा तुकडा अ‍ॅक्रिडीन ऑरेंज या चमकणाऱ्या रंगात बुडवून काचेवर सपाट दाबला, की काही मिनिटांत पेशींची केंद्रकं चमकतात. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाचे दाट पुंजके तर लगेच नजरेत भरतात. शिवाय तुकडा शाबूत, नेहमीच्या तपासणीला पाठवता येतो. पण केसांची मुळंही तशीच चमकतात. नवखा हमखास फसतो. यंत्र महाग, ते वेगळंच! हाताशी मुरलेला तंत्रज्ञ असेल, तर माझं मत अजून क्रायोस्टॅटलाच.