बुटीबोरीकडची सीटी स्कॅन सेवा : कार्बन फायबरच्या जॉबसाठी माझा अनुभव

जुलैत काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत फवारणीच्या ड्रोनचा पाय तुटला. पाय नागपूरजवळच्या आमच्या हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमध्ये बनलेला, कार्बन फायबरच्या कापडाचे थर रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने, जोडून; आणि पंधरा दिवसांत तुटलेला तो तिसरा. औषधाने भरलेली टाकी घेऊन ड्रोन उतरता उतरता कलंडला. जवळ कोणी नव्हतं म्हणून निभावलं. बागवाल्या काकांचा फोन आला तो एवढाच प्रश्न घेऊन, "ताई, माह्या पोरगा तिथं उभा असता तं?" त्या रात्री मला झोप आली नाही.

तुटलेली कड भिंगाखाली पाहिली, काही कळेना. नाण्याने ठोकून पाहिलं, आवाज ठणठणीत. काचेच्या फायबरचा जॉब (बनवलेल्या वस्तूला आम्ही जॉबच म्हणतो) असता तर भट्टीत रेझिन जाळून आत किती काय आहे ते काढता आलं असतं. कार्बनचं तसं जमत नाही, हवेत तापवलं की फायबरही जळू लागतं. माझा संशय कापडावर होता. पुरवठादाराचं बिलसुद्धा मी अडवून ठेवलं होतं. शेवटी ओळखीच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, आतच पाहायचं असेल तर सीटी करून घ्या. म्हणून बुटीबोरीकडच्या एका खासगी लॅबमध्ये गेले.

दवाखान्यातल्या सीटीत रुग्ण झोपलेला असतो आणि नळी त्याच्याभोवती फिरते. इथे उलटं. एक्स-रेची नळी आणि डिटेक्टर जागच्या जागी, आणि मधल्या छोट्या टेबलावर जॉब गोल फिरतो. शिशाच्या जाड कपाटात हे सगळं बंद; दार उघडं असेल तर किरण सुरूच होत नाहीत. आमचा तुकडा थर्मोकोलच्या खाचेत बसवला, कारण थर्मोकोल एक्स-रेला जवळपास दिसतच नाही. मग लगेच स्कॅन सुरू न करता ऑपरेटर मुलीने अर्धा तास तसाच ठेवला. बाहेरच्या उन्हातून आलेला जॉब एसीत थंड होताना किंचित हलतो आणि तेवढ्याने चित्र पुसट होतं, असं ती म्हणाली. त्याच क्षणी माझा तिच्यावर विश्वास बसला.

पहिल्या भेटीत तिने विचारलं, "मॅडम, नेमकं काय शोधायचंय?" मी म्हटलं, सगळंच. तेव्हा तिने कागदावर हिशेब मांडला. डिटेक्टरवर रुंदीला साधारण २००० ठिपके. जॉब ४० मिलिमीटर रुंद असेल तर एक ठिपका २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कार्बनचा एक तंतू असतो ७ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पूर्ण पाय ठेवून तंतू दिसणार नाहीत. मोठे बुडबुडे आणि कापडाची घडी दिसेल. बारीक पाहायचं तर तुकडा कापून लहान करावा लागेल. ६ मिलिमीटरचा तुकडा घेतला तर ठिपका ३ मायक्रॉनवर येतो. जॉब वाचवायचा की बारीक पाहायचं, हे आधी ठरवावं लागतं. आमचा तर तुटलेलाच होता. दोन्ही स्कॅन करायचे ठरले, आधी अख्ख्या जोडाचा आणि मग कापलेल्या तुकड्याचा.

पहिल्या स्कॅनने निराशा केली. पायाच्या टोकाला स्क्रूसाठी इन्सर्ट, म्हणजे आत बसवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा आहे. त्या धातूमुळे चित्रभर काळ्या-पांढऱ्या रेघा पसरल्या आणि नेमकी हवी ती जागा झाकली गेली. मऊ किरण धातूत अडतात, कडकच तेवढे पार होतात, आणि संगणकाचा हिशेब चुकतो. तिने नळीपुढे तांब्याची पातळ पत्री लावून, व्होल्टेज वाढवून पुन्हा घेतला, तेव्हा रेघा कमी झाल्या. पण व्होल्टेज वाढलं की कार्बन आणि इपॉक्सी (आमचं रेझिन) यांतला फरक आणखी पुसट होतो. मुळात दोघांची घनता जवळची, १.८ आणि १.२, आणि रेझिनमध्येही कार्बनच जास्त. काचेच्या फायबरला हा त्रास नाही. आमच्या कापडाला आडवी शिवलेली काचेची दोरी तर पांढरी शुभ्र चमकत होती.

खरं उत्तर दुसऱ्या स्कॅनने दिलं. सुमारे १६०० फोटो आणि पावणेदोन तास. आमचे मामा, जे गेली अकरा वर्षं कापड थरावर थर मांडतात, त्यांना मी मुद्दाम सोबत नेलं होतं. स्क्रीनवर एकेक काप सरकू लागला आणि ते पुढे झुकले. "ताई, हे तं पावावानी दिसून रायलं." इन्सर्टच्या कडेला, जिथे रेझिन जास्त साचतं, तिथे गोल गोल बुडबुड्यांचा पुंजका होता. आणि सर्वांत आतला प्लाय, म्हणजे कापडाचा थर, कडेवर दुमडून लाटेसारखा उठला होता. तडा तिथूनच निघाला होता. बाकी कापड स्वच्छ, तंतू सरळ.

ऑपरेटर म्हणाली, असे गोल बुडबुडे बहुतेक रेझिन ढवळताना शिरलेल्या हवेचे. कापड नीट न भिजल्याने राहिलेली पोकळी तंतूंच्या जुडग्यात, लांबट असते. मामा गप्प झाले. ती बॅच मे महिन्यातली, भर दुपारची. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत रेझिन लवकर घट्ट होतं. ढोबळ नियमच आहे की १० डिग्री वाढली की वेळ निम्मा. घाईत आम्ही हवा काढायला रेझिन व्हॅक्यूममध्ये ठेवलंच नव्हतं. ती सूट मीच दिली होती. संध्याकाळी मी पुरवठादारांना फोन केला, माफी मागितली आणि बिल चुकतं केलं.

आता तक्रारी. रिपोर्टात पोकळी २.३ टक्के लिहिली होती, पण ती कशी मोजली याचा एक शब्द नव्हता. विचारल्यावर तिने समोरच करड्या रंगाची मर्यादा (किती गडद दिसलं की पोकळी धरायची ती) थोडी इकडे-तिकडे सरकवून दाखवली, तर आकडा १.९ पासून ३.१ पर्यंत गेला. हे रिपोर्टात छापलंच पाहिजे. थरांच्या कातर-ताकदीला, म्हणजे थर एकमेकांवरून घसरू न देणाऱ्या ताकदीला, पोकळीच्या दर टक्क्यामागे साधारण ७ टक्के फटका बसतो, असं मानतात. मग २ आणि ३ यातला फरक किरकोळ नाही. नव्या जॉबशी तुलना करायची असेल तर दोन्हींना मर्यादा एकच ठेवायला सांगा, आणि ते लिहून घ्या.

दुसरं, थर सुटलेले असतील पण एकमेकांना चिकटून बसले असतील, तर ती फट ठिपक्याहून बारीक असते आणि सीटीत दिसत नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नाही. त्यासाठी झिंक आयोडाइडचं द्रावण फटीत मुरवतात म्हणजे ती चमकते, किंवा अल्ट्रासाउंडने तपासतात. मोठ्या सपाट पॅनेललाही सीटी गैरसोयीचं, कारण एका बाजूने पातळ आणि दुसऱ्या बाजूने फूटभर जाड, किरण पार होईनात.

तिसरं, डेटा. १४ जीबीची फाइल पेन ड्राइव्हवर हातात ठेवली. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती उघडेना. भाच्याच्या लॅपटॉपवर थ्रीडी स्लायसर हे फुकट सॉफ्टवेअर टाकून पाहिली. लॅबने निदान कापांचा एक छोटा व्हिडिओ द्यायला हवा.

दोन्ही स्कॅन आणि रिपोर्ट मिळून जीएसटीसकट २१ हजारांच्या आसपास गेले. लहान शेडला हे जड आहे. पण नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ साठी कंपोझिटचे फ्लोअर बीम बनतात, त्याच गावात आम्ही अंदाजाने जॉब पाठवतो, हे मला आता पटत नाही. पुन्हा जाईन, पण प्रश्न कागदावर लिहून नेईन आणि मामांना सोबत नेईनच.

आता रेझिनचं काम पहाटे साडेपाचला सुरू होतं, हवा काढल्याशिवाय बादली मोल्डजवळ येत नाही, आणि इन्सर्टची कड गोल घासून घेतो. नव्या पायाच्या कापात प्लाय सरळ बसलेला दिसला. मे महिन्यातल्या बॅचचे ३६ पाय होते. २७ परत आले आहेत, उरलेले ९ काटोल आणि कळमेश्वरच्या बागांत आहेत. गुरुवारी गाडी घेऊन मी स्वतः जाते आहे.