व्ही-क्रॉसचं नाक वर आणताना: स्पेसर की नवे स्प्रिंग?

इसुझू व्ही-क्रॉस ही पिकअप रिकामी उभी असली की मागून उंच, पुढून झुकलेली दिसते. मागच्या पाट्यांवर (पट्टीच्या स्प्रिंगवर) मालाचं वजन पडल्यावर गाडी सपाट बसावी म्हणून कंपनीने ती मुद्दाम तशी ठेवली आहे. त्यामुळे सतत माल भरत असाल तर पुढचं उचलूच नका. मागचं बसेल आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील.

उचलायचंच असेल तर किती ते कळायला आधी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही चाकांपाशी माप घ्या.

स्वस्त पर्याय म्हणजे स्ट्रटच्या (पुढच्या स्प्रिंग-शॉकच्या जोडीच्या) डोक्यावर बसणारा स्पेसर, म्हणजे जाड चकती. इथेच लोक फसतात. स्ट्रट खालच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) चाकापासून आत बसतो, म्हणून २० मिमीचा स्पेसर चाकापाशी साधारण दुप्पट उंची देतो. ‘४० मिमी हवंय’ म्हणून ४०चा स्पेसर टाकला, की खड्ड्यात चाक लोंबकळताना वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि चाकाला ताकद पोचवणारा सीव्ही जॉइंट ताणले जातात, त्यांचे रबरी बूट फाटतात.

पुढे लोखंडी बंपर किंवा विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) असेल तर स्पेसर नकोच. ओल्ड मॅन एमूसारख्या ब्रँडचे वजनानुसार निवडता येणारे स्प्रिंग आणि जोडीचे शॉक घ्यावेत. महाग आहेत, पण चाल सुधारते. स्पेसरने फक्त उंची मिळते.

खालच्या आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच आवळा, हवेत आवळले तर आर्मचे रबरी बुश पिळून लवकर जातात. मग व्हील अलाइनमेंट. कॅस्टर (स्टीयरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी झाला असेल तर हायवेवर स्टीयरिंग भरकटतं. तो सुधारायची ॲडजस्टमेंट संपली तर वरचे आर्म बदलण्याचा खर्चही धरा.