शेवाळाचं औषध म्हणून मला मोरचूद (कॉपर सल्फेट) विकलं

प्लँटेड टँक (पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक) ठेवणाऱ्यांनी, त्यातही श्रिंप (छोटी कोळंबी) आणि गोगलगायी पाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. बिनलेबलच्या बाटलीतलं निळसर पाणी कुणी ‘अल्गी क्लीनर’ म्हणून देत असेल, तर घेऊ नका. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी नको.

माझ्या दोन फुटी टँकमध्ये अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे, दाट केसांसारखे पुंजके आले होते. ओढले तर पान फाटायचं, पण पुंजका सुटायचा नाही. फोटो काढून नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोटो धड पाहिलाही नाही. काउंटरखालून बाटली काढली आणि म्हणाला, “कुठलंही शेवाळ असू दे, आठवड्यात साफ.” आत काय आहे विचारलं, तर “हर्बल आहे, इम्पोर्टेड. मोठ्या कॅनमधून भरतो आम्ही.” टँकमध्ये चेरी श्रिंप आहेत, त्यांना चालेल ना, हे मी आधी विचारलं आणि पैसे देताना पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच: “बिनधास्त टाका साहेब, मी स्वतःच्या टँकमध्ये वापरतो.”

त्याने सांगितलेल्या मापानेच संध्याकाळी औषध टाकलं. रात्री श्रिंप सैरावैरा पोहायला लागल्या. लगेच निम्मं पाणी बदललं, तरी सकाळी बहुतेक सगळ्या आडव्या पडलेल्या. काचेवरच्या नेराइट गोगलगायी सुटून तळाशी पडल्या होत्या, झाकण घट्ट मिटून. मासे मात्र ठीक, आणि काळे पुंजके होते तिथेच. मासे तगतात आणि श्रिंप-गोगलगायी मरतात, तेव्हा पहिला संशय तांब्यावर घ्यावा.

तपासायचा एक साधा उपाय आहे, शाळेच्या प्रयोगशाळेतला. लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, बाटलीतलं थोडं पाणी जुन्या प्लास्टिकच्या कपात घेतलं आणि खिळा त्यात अर्धा बुडवून ठेवला. काही वेळाने बाहेर काढला, तर बुडालेल्या भागावर तांबूस थर चढला होता आणि तो बोटाला लागत होता. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड घातलं की तांबं असं सुटून त्यावर बसतं. नंतर मित्राच्या कॉपर टेस्ट किटवर टँकचं पाणी तपासलं, त्यातही तांबं निघालं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर जे मोरचूद वापरतात, ते कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. मृदू पाण्यात त्याचं विष जास्त चढतं आणि श्रिंपला तर ते अगदी थोडंही सोसत नाही. मात्र खिळा स्वच्छ राहिला म्हणजे बाटली निर्धोक, असं समजू नका. ग्लुटाराल्डिहाइडसारखं रसायन असेल तर खिळ्यावर काहीच दिसणार नाही.

मग त्या दुकानदाराकडून आधी घेतलेले ‘सियामीज अल्गी ईटर’ हे शेवाळ खाणारे मासेही नीट पाहिले. खऱ्या सियामीजची काळी पट्टी तोंडापासून थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि पंख पारदर्शक असतात. पट्टी शेपटीच्या बुडाशी संपत असेल तर तो मासा दुसराच. माझ्याकडच्यांची पट्टी तिथेच संपत होती आणि ते तोंडाने काचेला घट्ट चिकटून बसत होते. हा चायनीज अल्गी ईटर. ‘गोल्डन’ म्हणून मिळणारा पिवळा मासाही हाच. लहानपणी थोडंफार शेवाळ खातो, मोठा झाला की दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर ओरबाडतो. माझ्या एंजल माशाच्या कुशीवरचे चट्टे कसले, ते तेव्हा कळलं.

जाब विचारायला गेलो, तर म्हणाला, श्रिंप तुमच्या पाण्यामुळे मेल्या, आणि मासे नको असतील तर तळ्यात सोडून द्या. या दुसऱ्या वाक्याचा मला जास्त राग आला. टँकमधला सकर मासा उजनीच्या जलाशयात पसरलाय, तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात खाण्याच्या माशांऐवजी तो येतो, आणि मासे विकणारा माणूस असा सल्ला देतो! नको असलेला मासा दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण तळ्यात किंवा नदीत कधीच सोडू नका.

माझे काळे पुंजके म्हणजे बीबीए, ब्लॅक बिअर्ड अल्गी. ते दिसतं काळं, पण आहे लाल शेवाळांपैकी. तुकडा स्पिरिटमध्ये ठेवला की हिरवा रंग उतरतो आणि लालसर दिसायला लागतं. झाडांसाठी टँकमध्ये सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कमी-जास्त होत राहिला की ते फोफावतं. मी फार माखलेली जुनी पानं कापून टाकली. वॉटर चेंजच्या वेळी पाणी खाली उतरवून, उघड्या पडलेल्या पुंजक्यांवर मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेंब-थेंब सोडलं आणि थोड्या वेळाने टँक भरला. पुंजके गुलाबी पडले, मग गळाले. लाइट सहा तासांवर आणला आणि सीओटू रोज ठरल्या वेळी सुरू ठेवला.

दुसऱ्या शेवाळांना हा उपाय चालेलच असं नाही. नव्या टँकमधली तपकिरी भुकटी डायटम या सूक्ष्म शेवाळाची असते, बोटाने पुसली जाते आणि टँक स्थिरावला की बहुधा आपोआप जाते. निळसर-हिरवी, कुबट वासाची साय थरच्या थर निघत असेल तर ते शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया म्हणजे एक प्रकारचे जीवाणू आहेत. त्याला तीन दिवसांचा पूर्ण अंधार आणि नंतर मोठा वॉटर चेंज लागतो. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके ब्लेडने खरवडावे लागतात. म्हणून फोटोही न बघता सगळ्यांवर एकच बाटली देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

बिल मागितलं, तर त्याने चिठ्ठीवर नुसतं ‘ॲक्सेसरीज’ लिहून दिलं होतं. औषधाचं आणि माशाचं नाव लिहिलेलं पक्कं बिल मागाच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. कुणावर असाच प्रसंग आला असेल तर उरलेलं औषध ओतून टाकू नका. बाटली, चिठ्ठी आणि मेलेल्या श्रिंपचे फोटो तक्रारीला लागतात. टँकमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, थोडं-थोडं करून पाणी बदलत राहा, आणि टेस्टमध्ये तांबं शून्य येईपर्यंत नव्या श्रिंप आणू नका. खडी-मातीत मुरलेलं तांबं बरेच दिवस पाण्यात उतरत राहतं.